निळं जाईपर्यंत पुसा

कोरड्या खोकल्याची ती कोरडी साथ मिरजेत शिरली तेव्हा पद्मतीर्थ रुग्णालयानं आधी रंगारी बोलावले आणि मग जादा डॉक्टर. ऐकून हसू येईल, पण झालं ते असंच. आणि रंगारी बोलवा म्हणून विश्वस्तांच्या खनपटीला बसलेली बाई होती गिरिजा हुक्केरी. गिरिजा तिथली संसर्ग-नियंत्रणाची सिस्टर. एका रुग्णाचा आजार दुसऱ्याला लागू द्यायचा नाही हे तिचं काम, आणि ते ती खाष्ट सासूच्या नजरेनं करायची.

हा रंग शोभेचा नव्हता. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं तो तयार केला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं साक्षीलेप. दिसायला पाण्यासारखा. विषाणू माणसाच्या पेशीत शिरतो तेव्हा पेशीवरचे काही ठरावीक रेणू तो आपल्या काट्यांनी पकडतो. पकड बसली की काटा वळतो, कुलपात किल्ली फिरावी तसा. प्रयोगशाळेनं तसेच रेणू बनवून लेपात पेरले आणि प्रत्येकाच्या बुडाशी थोडं रंगद्रव्य बांधून ठेवलं. जिवंत विषाणू चिकटला, त्याचा काटा वळला, की ते रंगद्रव्य जागं होतं. असे पुष्कळ विषाणू एका जागी बसले की ती जागा डोळ्यांना निळी दिसते. मेलेल्या विषाणूला काटा वळवता येत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत लेप गप्प बसतो. क्लोरीनच्या पाण्यानं पुसलं की विषाणू फुटतो आणि निळं विझतं. लेप मात्र शाबूत राहतो, आणि खरी करामत तीच होती.

खाटांचे कठडे, दारांच्या मुठी, सलाइनचे स्टँड, कपाटं, जे दिसेल त्याच्यावर रंगाऱ्यांनी फवारा मारला. गिरिजा हरखून गेली होती. इतकी वर्षं सफाई विश्वासावर चालायची. बाईनं पुसलं म्हटलं की पुसलं. आता कठडाच सांगणार होता.

"बरं झालं बाई," मुमताज मुजावर म्हणाली. मुमताज सफाईच्या बायकांची मुकादम. वयानं मोठी, म्हणून गिरिजा तिला आपा म्हणायची. दोघींनी उमेदीची वर्षं याच इमारतीत, एकमेकींच्या डब्यातलं खाऊन काढली होती. "आता कुणाची टाप न्हाई म्हणायची, की बायका नुसतं पाणी फिरवतात."

बिचारीला काय ठाऊक.

विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष श्रीपतराव इनामदार यांना तो रंग भलताच आवडला. त्यांनी वॉर्डाच्या छताला कॅमेरे बसवून घेतले. कॅमेरा निळं हुडकायचा आणि खाली स्वागतकक्षातल्या मोठ्या पडद्यावर वॉर्डाचं चित्र यायचं. जिथं निळं, तिथं त्या पाळीच्या बाईचं नाव. येणारे-जाणारे नातेवाईक ते वाचायचे. ज्यांची माणसं वर तडफडत होती त्यांना राग काढायला एक नाव मिळालं. एका बाईच्या अंगावर कुणी चहा फेकला, दुसरीला जिन्यात अडवून शिव्या दिल्या. मग कार्यालयातून हुकूम निघाला. निळं जाईपर्यंत पुसा. निळं असताना पाळी संपणार नाही.

आणि निळं जाईना.

बायका पुसायच्या, निळं विझायचं, आणि बादली बाहेर नेऊन परत येईस्तोवर पुन्हा उगवायचं. त्या परत पुसायच्या. क्लोरीनच्या वासानं डोळे चुरचुरायचे, हातांची सालं निघायची. हातमोजे मात्र उत्तम होते, कारण साथ पृष्ठभागावरून पसरते हे पडद्यानंच सिद्ध केलं होतं ना! तोंडावर लावायला मात्र पातळ कापडी पट्ट्या. घट्ट बसणारे मास्क डॉक्टरांसाठी आणि गिरिजासारख्या सिस्टर लोकांसाठी. पुसणारीला काय करायचंय चांगला मास्क, असं कार्यालयातल्या एका शहाण्यानं गिरिजाला तोंडावर सांगितलं. ती भांडली. तिला पुढच्या खरेदीत बघू असं उत्तर मिळालं.

कासव्वा नावाची एक बाई होती. कागवाडकडची, कामाला वाघीण. तिच्या कोपऱ्यातलं निळं सगळ्यात हट्टी. रोज पडद्यावर तिचंच नाव. ती पाळी संपल्यावरही तिथंच राहायची, कधी दुपार उलटून संध्याकाळ व्हायची. मग तिला खोकला सुरू झाला. ज्या कोपऱ्यात ती पुसत होती त्याच कोपऱ्यात तिला खाट मिळाली आणि तिथंच ती गेली. श्रीपतरावांनी शोकसभा घेतली नाही. कार्यालयानं मात्र सगळ्या वॉर्डांच्या दारांवर सूचना लावली, की सदर कर्मचारी स्वतःच्याच हलगर्जीपणामुळे बाधित झाली, इतरांनी धडा घ्यावा.

कासव्वाचा नवरा ते वाचून आला होता. तो तिची चप्पल आणि डबा घेऊन मान खाली घालून निघून गेला. गिरिजाला त्याला थांबवायचं होतं, पण थांबवून सांगणार काय? तिचाच रंग होता, आणि तो रंग कासव्वाच्या विरुद्ध साक्ष देत होता.

कासव्वाचा कोपरा आता मुमताजनं स्वतःकडे घेतला.

"आपा, तू कशाला? तुला दम्याचा त्रास आहे."

"मग कुणाला घालू तिथं? शेवंताला? तिचं बाळ अंगावर पितंय." मुमताजनं फडकं पिळलं. "माझी पोरं मोठी झाली. मी बघते."

दोन-चार दिवसांतच मुमताज जिना चढताना मध्ये थांबायला लागली.

त्या सकाळी एका खाटेचा पडदा वरच्या दांडीतून निसटला होता. माणूस येईना, म्हणून गिरिजा स्वतः शिडीवर चढली. पडदा अडकवताना तिची नजर शेजारच्या लोखंडी कपाटाच्या माथ्यावर गेली आणि हात तिथंच थांबला. रंगाऱ्यांनी घाईत तिथंही फवारा मारला होता. कॅमेरा भलत्याच बाजूला, त्यामुळे त्या माथ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. तो अख्खा माथा निळा होता. धुलाईच्या बादलीत नीळ जास्त पडावी तसा गडद निळा.

"आपा, इथं कधी कुणी हात लावतं?"

"कपाटावर? तिथं कोण कशाला मरायला जाईल? वर पालसुद्धा न्हाई जात."

गिरिजानं फडकं मागून घेतलं आणि तो माथा स्वतः पुसला. विझला. ती शिडीवरच बसून राहिली. खालून रुग्ण खोकत होते, यंत्रं पीप-पीप करत होती, मुमताज खाली शिडी धरून उभी होती. थोड्या वेळानं एक ठिपका उगवला. मग दुसरा. कडेला नाही, मधोमध. मग सगळीकडे विखरून, पिठाच्या गिरणीत फळीवर पीठ बसावं तसे.

हात नाही, फडकं नाही, खोकणाऱ्याचं तोंडही इतक्या उंचावर नाही. म्हणजे हे वरून पडत होतं. गिरिजाचं डोकं आता भराभर चालायला लागलं. माणूस खोकतो, बोलतो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा थेंब बाहेर पडतात. जड असतात ते जवळच खाली पडतात. बारीक असतात ते उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात, तासन् तास. खोलीतली हवा सारखी बदलत असेल तर ते बाहेर जातात. बदलत नसेल तर साठतात, फिरतात आणि सावकाश खाली बसतात. कपाटावर, कठड्यावर, मुठीवर. खाली बसतं ते उरलंसुरलं. बाकी सगळं हवेत, आणि तीच हवा माणसं ओढतात. जो जास्त वेळ थांबेल त्याच्या छातीत जास्त.

आणि सगळ्यात जास्त वेळ कोण थांबत होतं? ज्यांना निळं जाईपर्यंत घरी जायची बंदी होती त्या.

ती तरातरा शिडीवरून खाली उतरली.

"काय गं? काय झालं?"

"फडकं खाली ठेव आपा. माझा मास्क घे, हा घे, नवा आहे. आणि बाहेर जाऊन बस."

"निळं आहे की अजून."

"असू दे मेलं!"

"असू दे कसं? माझं नाव येतंय की खाली." मुमताजनं मास्क घेतला, पण फडकं सोडलं नाही. "तू जा, काय करायचं ते कर. तोवर मी एक हात मारते."

हवेचं सगळं खातं गिरिजाच्या नवऱ्याकडे होतं. शिवानंद हुक्केरी, रुग्णालयाचा यंत्र-अभियंता. शांत, पापभीरू माणूस, वरिष्ठांपुढे आवाज न चढवणारा. गिरिजा यंत्रघरात शिरली तेव्हा तो मोठ्या पंख्याच्या पेटीला कान लावून उभा होता. पंखा घोगरा ओरडत होता.

"अहो, वॉर्डात बाहेरची हवा किती जाते?"

त्यानं तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढली. बारा-पंधरा वर्षांच्या संसारात गिरिजानं ती नजर ओळखली होती. त्याला उत्तर ठाऊक होतं.

"चल," तो म्हणाला आणि तिला मागच्या चौकात घेऊन गेला.

चौकातली ती भिंत तिनं रोज बघितली होती. बघितली म्हणजे काय, तिला नमस्कार केला होता. आपल्याकडे रुग्णालयात बाकडं, पंखा, पाण्याची टाकी, काहीही कुणाच्या तरी स्मरणार्थ असतं. साथीत माणसं जायला लागली तशी नातेवाइकांनी देणग्या दिल्या, आणि श्रीपतरावांनी त्यांच्यासाठी ही स्मृतिभिंत केली. काळ्या ग्रॅनाइटच्या पाट्या, सोनेरी अक्षरं, वर कैलासवासी, खाली स्मरणार्थ. जागा छान होती, सावलीची. भिंतीत आधी लांबलचक आडव्या पट्ट्यांची एक जाळी होती, ती ओबडधोबड दिसत होती. पाट्या तिच्यावरच बसवल्या, एकीशेजारी एक.

"ती जाळी म्हणजे वॉर्डाचं नाक होतं," शिवानंद हळू आवाजात म्हणाला. "आपला पंखा जुना. बारीक गाळण्या त्याला ओढवत नाहीत. म्हणून बाहेरची हवा भरपूर घ्यायची आणि आतली बाहेर टाकायची, अशी मुळातली रचना. पाट्या वाढत गेल्या तशी हवा कमी होत गेली. आता अगदी वरची फट तेवढी उघडी आहे."

"मग पंखा काय करतोय?"

"आतलीच हवा फिरवतोय."

गिरिजा त्या पाट्यांकडे बघत राहिली. माणूस मेला की एक पाटी लागली. पाटी लागली की हवा थोडी आणखी कोंडली. हवा कोंडली की आणखी माणसं मेली. आणि त्यांच्याही पाट्या लागल्या.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"दसऱ्याच्या आधी श्रीपतरावांना सांगितलं होतं. ते म्हणाले, लोकांच्या भावना आहेत, तुम्ही आतल्या आत भागवा."

"आणि तुम्ही भागवलंत."

"नोकरी आहे, गिरिजा. तुझीही इथंच आहे."

"मी रोज घरी येऊन तुमच्यासमोर रडत होते! कासव्वा गेली त्या दिवशी मी जेवले नाही, तुम्ही मला ताट वाढून दिलंत, आणि तुम्हाला हे माहीत होतं? माझ्या रंगाचा दोष म्हणून मी डोकं आपटून घेत होते, आणि तुम्ही म्हणालात, होईल सगळं नीट!"

शिवानंद चष्मा पुसत राहिला. काही लोकांचा चांगुलपणा असाच असतो. कुणाला दुखवायचं नाही म्हणून ते कुणालाही मरू देतात.

श्रीपतराव कार्यालयात शाल घेऊन तयार होत होते. थोड्याच वेळात चौकात नव्या पाट्यांचं अनावरण होतं. त्यांनी गिरिजाचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा शालीची घडी सारखी केली.

"सिस्टर, तुमची तळमळ कळते. पण त्या पाट्या म्हणजे दगड नव्हेत हो. लोकांच्या आया आहेत, बाप आहेत त्या. उखडू कशा?"

"पाट्या समोरच्या भिंतीवर लावा. आजच्या आज."

"बैठकीपुढं ठेवू. पुढच्या महिन्यात आहे."

"साहेब, मुमताज आत्ता वर पुसतेय. तिला दमा आहे. तोवर तिचं काय?"

"मग तिला म्हणावं नीट पुस." श्रीपतराव हसले. "तुमचाच रंग सांगतोय ना, कुठं घाण आहे ते."

गिरिजा बाहेर पडली. ती यंत्रघरात गेली, कोपऱ्यातली पहार उचलली. शिवानंद "अगं, अगं" करत मागे आला. तिनं त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

चौकात मंडप होता. खुर्च्यांवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, गुरुजींनी उदबत्त्यांचा जुडगा पेटवला होता, नव्या पाट्यांवर लाल साटीण होती. श्रीपतराव माइकवर बोलत होते, की ही वास्तू दिवंगतांच्या आठवणींनी भारलेली आहे. तेवढ्यात गिरिजानं पहारीचं टोक एका पाटीच्या मागं घातलं आणि अंगातला सगळा जोर लावला. ग्रॅनाइट कडाडलं. पाटी खाली पडून फुटली.

"ए! माझ्या आईची पाटी आहे ती!"

एक धिप्पाड माणूस खुर्ची पाडून धावत आला. धनपाल मगदूम, हळदीचा व्यापारी. त्यानं गिरिजाचा दंड धरून तिला भिंतीवर रेटलं. बाकीचे उठले. कुणी तरी म्हणालं, पोलिसांना बोलवा. कुणी म्हणालं, बाई वेडी झालीय.

"मारा मला, पण आधी तो धूर बघा!" गिरिजा ओरडली. "धूर कुठं चाललाय ते बघा!"

उदबत्त्यांचा धूर इतका वेळ सरळ वर जात होता. तो आता आडवा झाला होता. पाटी निघाली तिथल्या उघड्या जाळीकडे वळून तो आत शिरत होता. जमिनीवरच्या झेंडूच्या पाकळ्या उडून जाळीला चिकटल्या. भिंत श्वास घेत होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

मग तिनं सांगितलं. थोडक्यात, दमलेल्या आवाजात. जाळी काय होती, वरच्या वॉर्डात कोणती हवा फिरतेय, आणि बायका पुसून पुसून का मरतायत. धनपालची पकड सैल होत गेली.

"आमची आई वर होती," तो म्हणाला. "तेव्हा ह्या पाट्या होत्या?"

"निम्म्या होत्या."

"वाचली असती ती?"

सिस्टर लोकांना या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं. सांगता येत नाही, तिची वेळ भरली होती, तुम्ही सगळं केलंत. गिरिजानं हे उत्तर शेकडो लोकांना दिलं होतं.

"बहुतेक वाचली असती," ती म्हणाली.

धनपाल खाली पडलेल्या तुकड्यांकडे बघत राहिला. "आणि हिची पाटी लावल्यावर जी गेली..." मग तो गर्रकन श्रीपतरावांकडे वळला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तांत्रिक बाबी आहेत. आम्ही विश्वस्त, आम्हाला कोण सांगणार?"

"मी सांगितलं होतं."

गर्दीच्या मागून शिवानंद पुढं आला. त्याचा आवाज चिरकत होता. "दसऱ्याच्या आधी यांना सांगितलं. हे नको म्हणाले. मग मी गप्प बसलो. पंखा रोज ओरडत होता, मी गप्प बसलो."

धनपालनं खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. श्रीपतरावांच्या नाही, शिवानंदच्या. हाताशी असतो त्यालाच माणूस मारतो. शिवानंदचा चष्मा उडाला. गिरिजा दोन हातांवर उभी होती. ती मध्ये पडली नाही.

शिवानंदनं चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला. मग बायकोच्या हातातली पहार मागून घेतली आणि दुसऱ्या पाटीला लावली. थोड्या वेळानं धनपालनं ती पाटी खालून धरली, पडू नये म्हणून. एक म्हातारे गृहस्थ पुढं आले आणि आपल्या बायकोची पाटी हळू काढा म्हणाले. श्रीपतराव माइकवरून सगळ्यांना शांत राहायला सांगत होते, कुणीतरी माइकची वायर उपटली. ते गाडीत बसून गेले तेव्हा भिंत अर्धी मोकळी झाली होती.

दुपार कलली तेव्हा गिरिजा वॉर्डात आली. दारातच तिला वारा लागला. पडदे हलत होते. मुमताज कासव्वाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, गिरिजानं दिलेला मास्क तोंडावर, फडकं मांडीवर.

"बघ ना," मुमताज म्हणाली. "मघाशी हा कठडा पुसला. अजून निळा झाला न्हाई. रंग बिघडला काय?"

"रंग ठीक आहे."

मुमताजनं उठून कठड्याला हात लावला, वाकून खालची बाजू बघितली, मग कपाट, मग मूठ. सगळं जिथल्या तिथं स्वच्छ. तिला आनंद होईल असं गिरिजाला वाटलं होतं. मुमताजचा चेहरा मात्र काळाठिक्कर पडला.

"म्हणजे आम्ही नीटच पुसत होतो?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"कासव्वापण?"

गिरिजानं होकारार्थी मान हलवली.

"ती मरताना काय म्हणाली ठाऊक आहे? आपा, मी पुसलं होतं गं, शप्पथ पुसलं होतं. मी तिला म्हणाले, असू दे, होतं कधी कधी." मुमताजनं फडकं जमिनीवर आपटलं. "मीसुद्धा तिच्यावर विश्वास ठेवला न्हाई! त्या निळ्यावर ठेवला!"

खाटेवरचा एक रुग्ण दचकून जागा झाला. मुमताज धापा टाकत उभी राहिली, डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता जाळ होता.

"तिच्या घरी आज जायचं," ती म्हणाली. "आत्ता. नवऱ्याला सांगायचं. पोरींना सांगायचं. गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचं."

"चल, आपण दोघी जाऊ."

"मी येते. पण बोलायचं तू." मुमताजनं हातमोजे ओरबाडून काढले. "तुझ्या रंगानं तिला खोटं पाडलं, गिरिजा. ती खरी होती हे तुझ्याच तोंडून निघायला पाहिजे."